आई-बाबा, नॉर्टन परत फिरला

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी "पर्वत-चित्रपट महोत्सवाला जाऊन आले" एवढंच म्हटलं आणि बाबांनी लगेच विचारलं, "म्हणजे आता सिनेमातही डोंगरच का?" मागून आईचा आवाज, "कुणी पडलं का त्यात?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं फोनवर आटोपण्यासारखी नव्हती, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे. बाबा, चष्मा घ्या. आई, तू त्यांना मोठ्याने वाचायला लावू नकोस, ते मधली पानं गाळतात.

तर बाबा, हो. सकाळपासून रात्रीपर्यंत नुसते डोंगर. आणि हे काही कालपरवाचं खूळ नाही. इटलीतल्या त्रेंतोला असा महोत्सव १९५२ पासून भरतो, कॅनडातल्या बॅन्फला १९७६ पासून, इंग्लंडमधल्या केंडलला १९८० पासून. त्रेंतोचा पहिला महोत्सव झाला तेव्हा तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचायचेच होते. कडे चढणाऱ्यांचे सिनेमे तर असतातच. शिवाय हिमनद्या कशा आक्रसत चालल्यात, मेंढपाळ उन्हाळ्यात कळप कुठून कुठे नेतात, हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला कुत्री कशी हुंगून काढतात, असंही पुष्कळ असतं. मध्यंतरात बाहेर यावं तर निम्मे लोक ट्रेकिंगच्या बुटांत! कुणाच्या तरी मोबाइलवर नकाशा उघडलेला आणि त्यावर चार अनोळखी डोकी वाकलेली, इथून वाट जाते की नाही यावर वाद चाललेला. मीही त्यात तोंड घातलं, हे सांगायला नकोच.

सगळंच चांगलं होतं असं मात्र नाही. ड्रोन आल्यापासून ज्याला त्याला आपला डोंगर वरूनच दाखवायचा असतो. वरून पाहिला की चढ गायब. कॅमेरा तसाही उतार चपटा करतो. जिथे हात टेकल्याशिवाय उभं राहवत नाही ती जागा पडद्यावर अगदीच सोपी वाटते. मग ती कसर संगीताने भरून काढायची, वर घोगऱ्या आवाजात "मर्यादा ओलांडण्या"बद्दल दोन-चार वाक्यं टाकायची. अशाच एका सिनेमात मी बिनदिक्कत डुलकी काढली.

एका कॅमेरावाल्याच्या गप्पा मात्र मी पुढच्या रांगेत बसून ऐकल्या. कडाक्याच्या थंडीत भरलेली बॅटरीही बघता बघता मान टाकते, म्हणून ही माणसं रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपतात. गारठलेला कॅमेरा तसाच तंबूत आणला तर आतल्या दमट हवेतलं बाष्प काचेवर धरतं, म्हणून आधी तो पिशवीत घट्ट बंद करायचा आणि मग आत न्यायचा. बर्फावरच्या पावलांचा तो करकर आवाज असतो ना, तो बऱ्याचदा मागाहून स्टुडिओत भरलेला असतो, कारण वाऱ्यात खरा आवाज नीट येतच नाही. "म्हणजे सगळं खोटंच," असं बाबा म्हणणार. आवाज खोटा असेल, पण चढ खरा असतो. आणि तो कॅमेरा पाठीवर घेऊन कुणीतरी तोच चढ चढलेला असतो.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. पडले, आई. पण खूप पूर्वी.

शेवटच्या रात्री एक मूकपट दाखवला, जॉन नोएल याने १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत चित्रित केलेला. त्या काळचा जड कॅमेरा तिथवर नेऊन, लांबचं टिपणारं भिंग लावून त्याने हे काम केलं. चित्रित केलेली फिल्म हरकाऱ्यांकरवी दार्जिलिंगला जायची, तिथे त्याने ती धुण्यासाठी प्रयोगशाळाच उभारली होती. पडद्यावर माणसं मुंग्यांएवढी दिसतात. तरीही त्या ठिपक्यांच्या चालण्यातला थकवा कळतो. पाच पावलं, थांबले. चार पावलं, थांबले. एकही ड्रोन नाही, आणि सगळा डोंगर अंगावर येतो.

८ जूनला मोहिमेतले दोन गिर्यारोहक, मॅलरी आणि अर्विन, शिखराकडे निघाले ते परत आलेच नाहीत. त्यांचा शोध घेऊन झाल्यावर वरच्या छावणीतून खालच्या छावणीला निरोप द्यायचा कसा? आधी खुणा ठरलेल्या होत्या. वर बर्फावर सहा ब्लँकेटं क्रॉसच्या आकारात मांडली गेली. खाली नोएल लांबच्या भिंगातून ते पाहत होता, आणि ते त्याने चित्रित केलं. पांढऱ्यावर एवढीशी काळी फुली. सभागृहात वादकही क्षणभर थांबले होते. मॅलरीचं शव १९९९ मध्ये सापडलं, अर्विनचं एक पाऊल २०२४ मध्ये, बुटासकट. ते शिखरावर पोचले होते का, हे अजून ठरलेलं नाही. मॅलरीने सोबत्याचा एक छोटा कॅमेरा उसना नेला होता, तो मिळाला तर कदाचित कळेल, या आशेवर लोक अजून शोधताहेत.

बाहेर पडताना ज्याच्या त्याच्या तोंडी मॅलरीच. मला मात्र डोक्यातून जाईना तो नॉर्टन, त्या मोहिमेचा नेता. त्यांच्या आधी चार दिवस, ४ जूनला, तो आणि त्याचा सोबती सॉमरवेल बाटलीतल्या प्राणवायूशिवाय निघाले. सॉमरवेलचा घसा थंड हवेने इतका सोलवटला होता की त्याला पुढे जाववेना. नॉर्टन एकटाच गेला. दोर नाही, पायाखाली खडकाच्या उतरत्या फरश्या, त्यावर भुसभुशीत बर्फ, आणि एकाच्या दोन वस्तू दिसायला लागलेल्या. ८,५७० मीटरच्या आसपास पोचला. शिखर जेमतेम पावणेतीनशे मीटर वर. दुपारचा एक वाजला होता. इथून पुढे गेलो तर सुखरूप परतणं होणार नाही, असा हिशेब त्याने केला आणि फिरला.

उतरताना सॉमरवेलच्या घशात काहीतरी अडकलं, श्वास बंद. नॉर्टन पुढे, त्याला पत्ताच नाही. सॉमरवेल बर्फात बसला, मरणारच असं धरून. मग दोन्ही हातांनी छाती जोरात दाबली आणि अडकलेलं बाहेर पडलं. घशाच्या आतलं आवरणच सुटून आलं होतं. बाबा, हाच सॉमरवेल पुढे त्रावणकोरात नेय्यूरला येऊन राहिला आणि आयुष्याची कितीतरी वर्षं तिथल्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करत राहिला. नॉर्टनला त्या रात्री हिमांधता आली, काही दिवस डोळ्यांपुढे अंधार. पण बरा झाला. प्राणवायूशिवाय गाठलेल्या उंचीचा त्याचा विक्रम १९७८ पर्यंत टिकला, आणि १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी ऐकायला तो स्वतः हयात होता. मला हा माणूस फार आवडला. त्याच्यावर सिनेमे निघत नाहीत, कारण परत येणाऱ्याची गोष्ट पडद्यावर रंगत नसावी.

हे एवढं का सांगितलं? मी डोंगरावर गेले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं, मला ठाऊक आहे. दोराशिवाय कड्याला चिकटलेला माणूस. २०१७ मध्ये अ‍ॅलेक्स हॉनल्ड अमेरिकेतल्या एल कॅपितानचा नऊशे मीटरचा कडा तसा चढला, तेव्हा त्याचं चित्रण करणाऱ्या मित्रालाच बघवेना, त्याने तोंड फिरवलं. मग तुम्ही टीव्हीवर त्यातलं काही पाहिलंत आणि रात्री झोपला नाहीत, यात नवल काय! पण माझं प्रकरण वेगळं आहे. मी डोंगरावर चालते. पायवाटेने वर जाते आणि दिवस बुडायच्या आत खाली येते.

बाबा, तुम्हाला आवडेल असा यातला भाग म्हणजे हिशेब. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम बसवून दिला, तो आजही चालतो. सपाटीला तासाला पाच किलोमीटर धरायचे आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे दहा किलोमीटरची वाट आणि सहाशे मीटर चढ असेल तर तीन तास. यात बसणं, पाणी पिणं, फोटो काढणं धरलेलं नाही, म्हणून मी सरळ दीडपट करते. नकाशावरच्या समोच्चरेषा म्हणजे बाबांच्या कपाळावरच्या आठ्या: जवळजवळ आल्या की समजायचं, खडा चढ आहे. हे सगळं मी आदल्या रात्री घरी बसून करते आणि कितीला मागे फिरायचं तेही घरीच ठरवते, कारण वर गेल्यावर माणसाचं डोकं फार आशावादी होतं. निघायच्या आधी तुम्हाला जो मेसेज येतो, वाट कुठली, सोबत कोण, परतायची वेळ, तो यातूनच निघालेला असतो. आई त्यावर "आलीस की फोन कर" एवढंच लिहिते.

मागे आम्ही एका लांब धारेवरून चाललो होतो. वाट चुकू नये म्हणून तिथे अंतराअंतरावर दगड रचलेले असतात. ढग उतरला आणि एका ढिगाजवळून पुढचा ढीग दिसेना. माथा नकाशावर अगदी जवळ होता. कुणीच वाद घातला नाही. कंपास लावला आणि आल्या वाटेने खाली आलो. त्या दिवशी तुम्हाला "छान झालं" असं कळवलं होतं, आणि खरंच छान झालं होतं.

आणि हो, माझ्या सॅकच्या पट्ट्याला जी शिट्टी असते, ती खेळणं नव्हे. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. मदतीला येणारा मिनिटात तीन वेळा वाजवून उत्तर देतो. रात्री हेच टॉर्चने करायचं. आई, आता तुलाही माहीत झालं.

पण नुसती काळजी घ्यायला कुणी डोंगरावर जात नाही. पहिला अर्धा तास मला दर वेळी वाटतं, कशाला आलो. पिंडऱ्या कुरकुरतात, श्वास जागेवर नसतो. मग कधीतरी पावलांची आणि श्वासाची लय जमते, चढ तोच असतो पण कुरकुर थांबते. चढताना सगळे गप्प. धारेवर पोचलं की वारा एकदम तोंडावर येतो, घामेजलेली पाठ गार पडते, आणि सगळे एकदम बोलायला लागतात. समोरच्या उतारावरून ढगांच्या सावल्या सरकत जातात; त्यातली एक आपल्यावरून जाते तेव्हा दोन क्षण थंडी वाजते. हे कुठल्याच सिनेमात मला दिसलं नाही.

आई, तुझे गुडघे मी विसरलेले नाही. लोकांना चढाची भीती वाटते, पण गुडघ्यांना उतार छळतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन तोलत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे ठणकतं ते त्यामुळेच. उपाय साधे आहेत. पावलं छोटी टाकायची, गुडघा ताठ ठेवायचा नाही, आणि दोन काठ्या वापरायच्या. सपाटीला कोपर काटकोनात येईल इतकी काठी, उतारावर थोडी लांब करायची. काठ्या म्हणजे म्हातारपण, असं तुम्हाला वाटेल. महोत्सवात बघितलं तर विशी-पंचविशीतली पोरंही काठ्या घेऊनच फिरतात.

जुन्को ताबेईबद्दल एक व्याख्यान झालं, ते आई, तू ऐकायला हवं होतंस. एव्हरेस्टवर पोचलेली पहिली बाई, १६ मे १९७५. त्याच्या बारा दिवस आधी छावणीवर हिमस्खलन कोसळून ती त्याखाली गाडली गेली होती, शेर्पांनी ओढून काढलं. घरी तीन वर्षांची मुलगी होती, आणि लोक काय म्हणत असतील ते तुला मी सांगायला नको. पण मला लक्षात राहिलं ते शेवटचं वर्ष. २०१६ च्या उन्हाळ्यात, कर्करोग झालेला असताना, भूकंप आणि त्सुनामीतून गेलेल्या भागातल्या शाळकरी मुलांना घेऊन ती फुजीवर गेली. शिखरापर्यंत गेली नाही. जमलं तितकं चढली आणि पुढे मुलांना पाठवलं.

तर माझं म्हणणं असं. पुढच्या महोत्सवाला तुम्ही दोघं माझ्याबरोबर या, मूकपटाच्या वेळी बाबांना शेजारी बसवायचं आहे. पण त्याआधी एक दिवस माझ्याबरोबर चाला. रुंद वाट, दोनशे मीटरहून कमी चढ. आईने डॉक्टरांना आधी विचारायचं, आणि कुठून मागे फिरायचं ते बाबांनी ठरवायचं. तुम्ही फिरायचं म्हणालात की मी "आता थोडंच राहिलं" म्हणणार नाही, हा शब्द.

बूट मी पाठवते, त्यासाठी मापं हवीत. संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. जाड मोजे घालून कागदावर उभं राहायचं, बसून नाही, आणि पेन्सिल सरळ उभी धरून कडेने रेघ मारायची. दोन्ही पायांची मापं पाठवा, दोन्ही क्वचितच सारखे असतात. उतारावर बोटं पुढे घासतात म्हणून अंगठ्यापुढे थोडी जागा सोडून मी मोठाच नंबर घेईन, तेव्हा "सैल आहेत" म्हणून परत पाठवू नका. आणि बाबा, ऑफिसचे जुने बूट अजून चांगले आहेत हे मला माहीत आहे. ते चालणार नाहीत.

तुमची,
लेक