विली लोमनचा हिशेब

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलेला प्रश्न माझ्या वर्गातली मुलेही दरवर्षी विचारत असत. राज्य नाही, सिंहासन नाही, कर्तृत्वही बेताचेच, अशा विली लोमन या त्रेसष्ट वर्षांच्या फिरत्या विक्रेत्याच्या मरणाला शोकांतिका का म्हणायचे? याचे उत्तर नाटककार आर्थर मिलरने स्वतःच देऊन ठेवले आहे. ‘डेथ ऑफ अ सेल्समन’चा पहिला प्रयोग १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून त्याने सांगितले की, आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी जो प्राण द्यायलाही तयार होतो, तो राजा असो की सामान्य माणूस, शोकांतिकेचा नायक होऊ शकतो. हे म्हणणे मला मान्य आहे, पण त्याने माझे पुरते समाधान कधीच झाले नाही. मला या नाटकाचे दुःख प्रतिष्ठेच्या चर्चेपेक्षा विलीच्या बायकोने, लिंडाने केलेल्या हिशेबात अधिक दिसते. तू नाटक पुन्हा वाचणार असशील तर पहिल्या अंकातला तो प्रवेश सावकाश वाच.

हा विलीच्या आठवणीतला जुना दिवस आहे. तो फेरीवरून परत आला आहे. मुले अजून शाळेत शिकत आहेत आणि बाप त्यांच्या लेखी जगातला सर्वांत मोठा माणूस आहे. विक्री किती झाली असे लिंडा विचारते तेव्हा तो प्रॉव्हिडन्सला पाचशे आणि बॉस्टनला सातशेचा आकडा सांगतो. ती ॲप्रनच्या खिशातून पेन्सिल काढते आणि त्याच्या वाट्याचे कमिशन २१२ डॉलर होते असे आनंदाने सांगते. मग विली अडखळतो, आकडा हळूहळू खाली येतो, आणि साऱ्या फेरीत मिळून विक्री जेमतेम दोनशेची झाली असल्याचे बाहेर पडते. कमिशन उरते सत्तर डॉलर आणि वर थोडी चिल्लर. त्यानंतर देणी निघतात: फ्रीजचे १६ डॉलर, कपडे धुण्याच्या यंत्राचे ९ डॉलर ६० सेंट, व्हॅक्यूम क्लीनरचे साडेतीन, छपराचे २१, शिवाय गाडीच्या कार्ब्युरेटरचे पैसे. पंधरा तारखेपर्यंत सुमारे १२० डॉलर हवे आहेत. लिंडा त्याला एका शब्दानेही बोलत नाही. पुढच्या आठवड्यात अधिक विक्री होईल, एवढेच ती म्हणते.

हा प्रवेश मी शिकवत असे तेव्हा वर्ग आपोआप शांत होई, कारण महिनाअखेरीची अशी बेरीज प्रत्येकाने घरी ऐकलेली असे. मिलरनेही ती ऐकली असावी. त्याच्या वडिलांचा कोट शिवण्याचा मोठा धंदा मंदीत बुडाला आणि मॅनहॅटनमध्ये सुखाने राहणारे कुटुंब ब्रुकलिनला आले. अमेरिकेतल्या स्वप्नाविषयी लिहिणारे बहुतेक जण विलीचा भाऊ बेन आणि त्याने जंगलात मिळवलेली संपत्ती यांवर फार लिहितात. मला बेन महत्त्वाचा वाटत नाही. ज्या घरात प्रत्येक वस्तू हप्त्यावर आली आहे आणि हप्ते फिटेपर्यंत वस्तू झिजून गेलेली असते, त्या घरात नवऱ्याला बायकोसमोरही खरा आकडा एका दमात सांगता येत नाही, हे मला फार मोठे वाटते.

दुसऱ्या अंकात तोच आकडा पुन्हा घसरतो, पण या वेळी समोर जुन्या मालकाचा मुलगा आणि आताचा मालक हॉवर्ड आहे. आता फिरती झेपत नाही, न्यूयॉर्कमध्येच काम द्या, असे म्हणत विली आधी आठवड्याला ६५ डॉलर मागतो, मग ५० वर येतो, मग ४० वर, आणि अखेर त्याची नोकरीच जाते. तिथून तो शेजारी चार्लीकडे जातो. चार्ली त्याला आठवड्याला ५० डॉलरची नोकरी देऊ करतो आणि विली ती नाकारतो. जो माणूस थोड्याच वेळापूर्वी चाळीस डॉलरसाठी गयावया करत होता, तो पन्नास नाकारतो आणि त्याच चार्लीकडून विम्याच्या हप्त्यासाठी हातउसने पैसे मात्र घेतो. आजवरही तो चार्लीकडून दर आठवड्याला ५० डॉलर उसने घेऊन आपला पगार म्हणून लिंडाच्या हाती ठेवत आलेला आहे. नोकरी घेतली असती तर आपण हरलो हे घरात कळले असते. उसनवारीत ते झाकता येते.

निखिल, तुझी नोकरी गेल्याचे तू मला सांगितलेस आणि बाबांना इतक्यात सांगू नकोस असे बजावलेस. या महिन्यातही तू नेहमीचीच रक्कम नेहमीच्याच तारखेला पाठवलीस. ती तू शिलकीतून काढलीस हे मला कळते, आणि कंपनीने एका दिवसात किती माणसे कमी केली हेही तू सांगितले आहेस, त्यामुळे यात तुझी काही चूक आहे असे माझ्या मनात क्षणभरही आलेले नाही. तुझ्या व्हिसाच्या नियमाप्रमाणे दुसरी नोकरी शोधायला फार तर साठ दिवस हाती असतात, डोक्यावर घराचे कर्ज आहे, आणि अशा वेळी आमच्यासाठी सगळे सुरळीत असल्याचे दाखवण्यात तुझे बळ खर्ची पडावे हे मला सहन होत नाही.

लिंडाला तळघरात फ्यूजबॉक्समागे दडवलेली रबरी नळी सापडलेली असते. नवरा जीव द्यायच्या विचारात आहे हे तिला ठाऊक असते. रोज ती नळी काढून ठेवते आणि तो घरी आला की परत होती तिथे ठेवते, कारण त्याचा तसा अपमान कसा करायचा, असे तिला वाटते. चार्लीचे पैसेही तिला माहीत असतात. तिच्या मायेवर मी वर्गात पुष्कळ बोलले आहे आणि अजूनही तिला नावे ठेवायला माझे मन धजत नाही. तरी माझा कौल बिफलाच आहे. थोरला मुलगा अखेरच्या रात्री बापाला सांगतो की आपण दोघेही अगदी साधी, चारचौघांसारखी माणसे आहोत, आणि ते सांगताना बापाच्या गळ्यात पडून रडतो. त्या घरात खरे बोलणे आणि प्रेम एकत्र आलेली ती एकच वेळ आहे. दुर्दैवाने तोवर विलीला मुलावरचे प्रेम मोजायला आपल्या मरणाने मिळणाऱ्या विम्याच्या २०,००० डॉलरखेरीज दुसरे माप उरलेले नसते. आपल्या अप्पासाहेब बेलवलकरांना घर नव्हते. विलीच्या घराचा शेवटचा हप्ता लिंडा त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी भरते.

दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, लॉरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’ची सुरुवातच मेलेल्या बापाच्या विम्याच्या १०,००० डॉलरपासून होते. शिकागोतल्या त्या कृष्णवर्णीय कुटुंबात वॉल्टर ली आईने विश्वासाने सोपवलेले पैसे धंद्यात घालतो, त्यांत बहिणीच्या शिक्षणाचेही असतात, आणि भागीदार ते घेऊन पळून जातो. पण हा मुलगा घरी येतो, सगळ्यांच्या समोर उभा राहतो, बोलणी खातो. गोऱ्यांच्या वस्तीत तुम्ही येऊ नका म्हणून पैसे देऊ करणाऱ्या माणसाला तो शेवटी नकार देतो, तो आपल्या लहान मुलाच्या देखत. पैसे गेले ते गेलेच, पुढे त्या वस्तीत त्यांचे काय होणार हेही नाटक सांगत नाही, पण घरातल्या प्रत्येकाला नेमके काय गेले हे ठाऊक असते आणि ते सारे मिळून सामान बांधतात.

बाबा तुझ्या घराचे फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, हे तुझ्या मनावर ओझे होऊन बसले आहे. तो त्यांचा आनंद आहे, त्याची किंमत तू भरायची नाही. त्यांनी स्वतः दोनदा नोकरी सुटल्यावर घर चालवलेले आहे, आणि आधी काय करायचे असते हे तुला माझ्यापेक्षा तेच नीट सांगतील.

येत्या शनिवारी सकाळी आठला ते घरीच असतील. तुझ्याकडे शुक्रवारची रात्र असेल. तेव्हा तू फोन कर आणि तूच सांग. दुसरी नोकरी लागेपर्यंत पैसे पाठवू नकोस, आमचे निवृत्तिवेतनात व्यवस्थित भागते. शनिवारपर्यंत मी थांबते. त्यानंतर त्यांनी मला विचारले तर मी खोटे बोलणार नाही.

तुझी,
आई