ईरासाठी कॅमेरा पाठवण्यापूर्वी

चिपळूण,
14 जुलै 2024

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. ईराला जुना डिजिटल कॅमेरा हवा आहे आणि माझ्याकडचा कॅनन पॉवरशॉट ए70 अजून चालतो का, असे तू विचारले आहेस. चालतो. 22 जुलै 2021 च्या पुरात तळमजल्यावरचे सारे सामान चिखलात गेले, पण हा माळ्यावरच्या डब्यात होता म्हणून वाचला. काल त्यात सेल घालून अंगणात दोन तास फोटो काढले आणि मगच लिहायला बसलो. कारण तो तिला आनंदाने द्यायचा असला, तरी त्याचे गुण-अवगुण तिला आधी नीट ठाऊक असावेत, असे मला मनापासून वाटते.

2003 साली हा कॅमेरा आला तेव्हा स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांत बहुधा सगळा कारभार आपोआप चाले. याच्या माथ्यावरच्या चकतीवर मात्र ॲपर्चर (भिंगातून उजेड आत येण्याचे छिद्र) आणि शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते ठरवणारा पडदा) हाताने ठरवण्याची सोय होती आणि शटर 15 सेकंदांपासून सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत नेता येई. रोलच्या दिवसांत आपण 36 फोटो जपून वापरत असू आणि रोल धुऊन येईपर्यंत कोणता फोटो कोणत्या सेटिंगवर काढला ते विसरून जात असू, हे तुला आठवतच असेल. इथे चूक तिथल्या तिथे दिसे, आणि शटर, ॲपर्चर यांची नोंद फोटोच्या फाइलमध्येच राहत असल्यामुळे महिन्याभराने पाहिले तरी काय चुकले ते कळे. मी छायाचित्रण जे काही शिकलो ते याच्यावर.

एक प्रसंग सांगतो. मे महिना संपत आला होता आणि परसातल्या झाडावर काजवे लगडले होते. कॅमेरा ओट्याच्या कठड्यावर ठेवला, ॲपर्चर एफ 2.8, म्हणजे छिद्र पूर्ण उघडे, शटर 15 सेकंद, आणि बटण दाबताना धक्का लागू नये म्हणून टायमर. पहिल्या दोन फोटोंत काळोखच आला. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेचा आकडा, 50 वरून 200 केला, तेव्हा तिसऱ्यात झाडाची आकृती आणि तिच्यावर हिरवट-पिवळे ठिपके उमटले. त्या रात्री मी किती फोटो पुसले आणि पुन्हा काढले याची गणतीच नाही. रोल असता तर ते धाडस मी केले नसते.

आता अवगुण. सर्वांत मोठा म्हणजे बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतचा विलंब, जो त्या काळातल्या जवळजवळ सगळ्याच स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांत होता. शिमग्याला पालखी नाचवताना ती खांद्यावरून वर उसळली की मी बटण दाबे आणि फोटोत पालखी खाली आलेली, माणसांचे हात सैल पडलेले दिसत. हा विलंब मुख्यतः फोकस शोधण्यात जातो. म्हणून ईराला सांग, बटण अर्धे दाबून फोकस आधी धरून ठेवायचा आणि नेमक्या क्षणी उरलेले दाबायचे. ही सवय लागायला मला एक अख्खा शिमगा लागला.

दुसरे म्हणजे, चित्र टिपणारा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असल्यामुळे आयएसओ 400 वर सावल्यांत रंगीत दाणे दिसतात. फ्लॅशचा उजेड खोलीपुरताच. चित्र 2048 गुणिले 1536 पिक्सेलचे, म्हणजे चार बाय सहाच्या प्रिंटला पुरून उरणारे. पण कॅमेऱ्याची चौकट चारास तीन आणि प्रिंटची तीनास दोन, त्यामुळे स्टुडिओत वरखालची पट्टी कापली जाते. आईच्या पंचाहत्तरीच्या समूहचित्रात मागच्या रांगेतल्यांचे कपाळ त्यामुळेच गेले. डोक्यावर थोडी जागा सोडायला तिला आवर्जून सांग.

चार पेन्सिल सेल हे मला याचे खरे भाग्य वाटते. ज्यांना खास बॅटरी लागते असे त्या काळातले किती कॅमेरे बॅटरी मिळेना म्हणून कपाटात पडून आहेत. हा मात्र कोपऱ्यावरच्या दुकानावर चालतो. साधे सेल मात्र दहा-वीस फोटोंत मान टाकतात, म्हणून चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेलच घालावेत.

एक गोष्ट लपवत नाही. 2005 साली कंपनीनेच जाहीर केले होते की ए70 सह तिच्या काही मॉडेलांच्या सेन्सरमध्ये उष्ण, दमट हवेत बिघाड होऊन चित्र विद्रूप होऊ शकते, आणि तो दोष तेव्हा फुकट दुरुस्त करून दिला जाई. माझ्या कॅमेऱ्यात आमच्या कोकणच्या हवेतही तो कधी उद्भवला नाही. तरी पुढेही उद्भवणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. म्हणून ईराने फोटो कार्डावर साठवून न ठेवता लगेच संगणकावर उतरवावेत.

सोमवारी पार्सल टाकतो. सोबत फोटो साठवायची दोन कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डे, ती वाचणारा रीडर आणि आठ सेल असतील. सेलच्या झाकणाची प्लास्टिकची खिट्टी नाजूक झाली आहे. उघडताना ते अंगठ्याने दाबून धरायचे आणि मगच सरकवायचे. काजव्यांचा तो फोटो मोठ्या कार्डावर तसाच ठेवला आहे.

वहिनींना नमस्कार, ईराला आशीर्वाद.

तुझा,
विनायक