एका घरानं हुकलं

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल बँकेचे मेसेज बघून मी ओरडले, त्याचं वाईट वाटतंय. गेममधल्या नशिबाच्या पेट्या विकत घेऊन उघडण्यात ४,३०० रुपये गेल्याचा राग होताच, पण मी हबकले ती तुझ्या वाक्यानं. "आई, एका घरानं हुकलं गं, पुढच्या वेळी नक्की."

लालबागच्या चाळीत माझं सगळं लहानपण हे ऐकण्यात गेलंय. तुझे आजोबा गिरणीतून सुटले की आकडा लावायला जायचे. मटका आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावावर चालायचा आणि इथे तो कापडगिरण्यांच्या वस्तीत घराघरांत शिरला. रात्री आकडा फुटला की आजोबा म्हणायचे, "सत्ता लावला, अठ्ठा आला. थोडक्यात हुकलं." आजी काही बोलायची नाही. सकाळी उधारीची वही घेऊन मला वाण्याकडे पाठवायची.

हा नुसता गेम आहे, असं तू म्हणालास. म्हणून काल रात्री वाचत बसले. 'काउंटर-स्ट्राइक' या बंदुकांच्या गेमची पेटी उघडल्यावर सुरीसारखी दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता ०.२६ टक्के आहे. चीननं २०१७ मध्ये असे आकडे जाहीर करायची सक्ती केली, तेव्हा हे बाहेर आलं. सरासरी ३८५ पेट्यांत एक! १०० मुलांनी प्रत्येकी १०० पेट्या उघडल्या, तरी त्यातली साधारण ७७ रिकाम्या हातांनी उठतील. मटक्यात दहातला एक आकडा लागायचा आणि रुपयाला नऊ मिळायचे. तोही जुगारच, पण आजोबांना भाव तरी ठाऊक होता. तुला तुझ्या पेटीचा माहीत होता का रे?

आणि ते 'एका घरानं'. अशी पेटी उघडताना पडद्यावर वस्तूंचं चक्र फिरतं, पण ते गरगरण्याआधीच निकाल ठरलेला असतो. हवी ती वस्तू शेजारून सरकते, तो फक्त देखावा. तू जिंकायच्या जवळ पोचलाच नव्हतास, बाळा.

बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ मध्ये अशा विकतच्या पेट्यांना बेकायदा जुगार ठरवलं, आणि पुढच्या जानेवारीत 'फिफा' या फुटबॉलच्या गेममध्ये अशा पेट्या घ्यायला लागणाऱ्या पॉइंट्सची तिथली विक्री थांबली. ब्रिटननं २०२२ मध्ये कायदा बदलायचं नाकारलं. बक्षिसाचे पैसे होत नाहीत तर जुगार कसला, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. पैसे परत येत नाहीत म्हणून ओढ थोडीच कमी होते?

अमेरिकेत २०२५ च्या जानेवारीत 'गेनशिन इम्पॅक्ट' या गेमच्या कंपनीनं २ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. सोळाच्या आतल्या मुलांना आईबापांच्या संमतीशिवाय पेट्या विकायच्या नाहीत, हेही त्यात आलं. खेळातल्या नाण्यांच्या गुंत्यात खरी किंमत दडवली, असा तिथल्या सरकारचा आरोप होता. तुझंही तसंच झालं ना? आधी रुपयांचे हिरे, मग हिऱ्यांच्या चाव्या. चावी फिरवताना रुपये कुणाला आठवणार!

रविवारी घरी ये. डब्यात ३८४ पावटे मोजून ठेवलेत आणि एक राजमा टाकलाय. डोळे मिटून एकेक काढ, बघून परत टाक, डबा हलव. किती वेळ लागतो ते आपण दोघं बघू. आणि याआधी आणखी गेले असतील तर तेव्हाच सांग, मी ओरडणार नाही. बाबांना अजून बोलले नाहीये. तू आलास की मिळून सांगू.

तुझी,
आई