बॉक्स्टरचं कूलंट नेमकं कुठून गळतंय?

प्रिय अभय,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पोर्शे बॉक्स्टरचं (पहिल्या पिढीची, ९८६) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी होतंय आणि मेकॅनिक थेट ते फिरवणारा वॉटर पंप बदलायला सांगतोय, हे वाचलं. इतक्यात हो म्हणू नकोस.

इंजिन पूर्ण थंड असताना मागच्या डिकीतलं कूलंटचं झाकण काढ, तिथे प्रेशर टेस्टर (दाब मोजायचा काटा असलेला हातपंप) लाव आणि १ बारपर्यंत हवा भर. १५ मिनिटांत काटा उतरला तर गळती नक्की. या गाडीत इंजिन सीटमागे आणि रेडिएटर पुढच्या चाकांसमोर, त्यामुळे ओल कुठे आहे यावरूनच निम्मं निदान होतं. डिकीतला गालिचा उचल. खाली ओल दिसली तर एक्स्पान्शन टँकला, म्हणजे कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीला, तडा गेलाय; जुन्या प्लास्टिकचं हे नेहमीचंच. पुढच्या बंपरखाली थेंब असतील तर रेडिएटर बघ. तो आणि एसीचा कंडेन्सर यांच्यामध्ये पालापाचोळा अडकून कुजतो आणि ॲल्युमिनियम खातो. काटा जागचा हलला नाही, तर आधी झाकणच बदल, फार खर्च नाही.

सीटमागे, इंजिनाच्या पुढच्या अंगाला ठिबकत असेल तर मात्र पंप. बेल्ट उतरवून पुली हलवून बघ. ती डुगडुगली तर बेअरिंग गेलं. नवा पंप प्लास्टिकच्या इंपेलरचाच (आतलं फिरतं पात्यांचं चाक) घे. धातूचा टिकाऊ वाटतो खरा, पण बेअरिंग झिजलं की तो इंजिनाचा ब्लॉक आतून खरवडतो, आणि तो खर्च पंपाच्या कितीतरी पट. जुन्या इंपेलरची पाती तुटलेली असतील तर तुकडे शोधून काढ. पंपाचे बोल्ट एम६ (६ मिमी जाडीचे) आहेत, १० न्यूटन-मीटरच्या वर आवळू नकोस. ॲल्युमिनियममधले आटे लगेच जातात.

भरताना कूलंटचं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. झाकणाजवळच्या ब्लीडर व्हॉल्व्हची (हवा बाहेर सोडणारी झडप) तारेची कडी वर कर, नाहीतर हवा अडकेल. आतली हवा ओढून घेऊन कूलंट भरणारा व्हॅक्यूम फिलर भाड्याने मिळाला तर उत्तमच. गळती बुजवणारं औषध अजिबात ओतू नकोस, हीटरच्या बारीक नळ्या तुंबतात. सांडलेलं कूलंट लगेच पूस. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

कूलंटच्या टाकीत तपकिरी, दुधाळ साय दिसली तर गाडी सुरूच करू नकोस. तेल आणि पाणी एकत्र झालंय. ऑइल कूलर किंवा सिलिंडर हेड (इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारा भाग) तपासावं लागेल. टेस्टरचा आकडा कळव.

तुझा,
श्रीकांत