अलार्म लावलेला फोटो पाठव

सातारा, १७ नोव्हेंबर

प्रिय संज्या,

जॉर्जिया देशात तुझं राहणं-जेवण मालकाचंच, म्हणजे पगार सगळा शिल्लक, असं वहिनी कौतुकानं सांगत होत्या. मी हूं हूं केलं, पण डोक्यात तिथलंच गुडौरी गाव आलं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या एका भारतीय हॉटेलात, वरच्या मजल्यावर झोपलेली १२ माणसं मेली. ११ आपली, एक तिथला. लाइट गेल्यावर जनरेटर चालू केलेला, तो झोपायच्या खोल्यांलगतच्या बंद जागेत. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूनं गेली. कुणाच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता.

मनालीचं तुला मी कधी धड सांगितलंच नाही. हॉटेलनं आम्हा पाचजणांना तळघरातली खोली दिली होती. हीटर लावला की बिलावरून बोलणी, म्हणून रात्री तंदूरमधले निखारे घमेल्यात भरून आणायचो आणि दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबायचो. सकाळी सगळ्यांची डोकी ठणकायची. पोरं म्हणायची, रम उतरली नाही. अरे, पण मी कुठं पितो? एका रात्री बिहारचा एक पोरगा लघवीला उठला, कडी काढली आणि उंबऱ्यातच आडवा झाला. दार उघडं पडलं म्हणून आज हे पत्र लिहितोय.

दवाखान्यात त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८! डॉक्टर म्हणाले, हे यंत्र इथं फसतं. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्ताला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो, यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. वास नाही, रंग नाही. लगेच मास्क लावला त्याला.

तर आज ड्यूटी संपली की बघ: जनरेटर कुठं ठेवलाय, गॅसच्या बॉयलरचा पाइप बाहेर निघतो की मध्येच तुटलाय. जनरेटर आत असेल तर खिडकी उघडी ठेवून भागत नाही. धुराचा अलार्म वेगळा, तो उपयोगाचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचाच घे, ईएन ५०२९१ हा युरोपच्या मानकाचा नंबर लिहिलेला. खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखलं, मळमळलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर जेवणाला नावं ठेवत बसू नका. सगळे आधी रस्त्यावर या, मग ११२ लावा.

मालकाला कसं सांगू, म्हणशील. मेसच्या आमटीत झुरळ निघालं तेव्हा मावशींना वाईट वाटेल म्हणून बाजूला सारून जेवलेला माणूस तू! नको सांगूस. स्वतःच्या पैशानं घे, वाटलं तर मी पाठवतो. पण फोटो भिंतीवर लावलेल्याचा हवा, खोक्यातल्याचा नको.

तुझा,
बाळ्या