एम.ए. स्पॅनिश: अर्जाच्या आधी ठरवायच्या गोष्टी

कॉलेज रोड, नाशिक

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या एसओपीचा, म्हणजे अर्जासोबत 'हे का शिकायचंय' ते सांगणाऱ्या निवेदनाचा, मसुदा बाबांनी आणि मी वाचला. एम.ए. स्पॅनिश करायचं तू नक्की केलंस, याचा मला मनापासून आनंद झालाय. तुझी रात्रपाळी आणि माझी सकाळची शाळा यात फोनवर निवांत बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं म्हणणं आधीच सांगते. यात अर्ज करणं त्या मानाने सोपं आहे, कठीण आहे ते पूर्ण करणं. भाषेच्या विषयात एक वेगळीच अडचण असते. बी-टू, म्हणजे मध्यमाच्या वरची पातळी आली की पुण्यात नोकरी मिळते, मग तिसऱ्या सत्रात एखाद्या कंपनीचं बोलावणं येतं आणि प्रबंध मागे पडतो. तुझ्या हातात तर आजच नोकरी आहे. आपण तिथे काय वाचायला आणि काय लिहायला जातोय, हे फॉर्म भरण्याआधी तुझ्या मनात पक्कं असेल, तरच दोन वर्षं निभतील.

मसुद्यातला पहिला परिच्छेद काढून टाक. स्पॅनिश किती देशांत बोलतात हे त्या प्राध्यापकांना माहीत आहे. दिवाळीत तू मला जे सांगितलंस ते लिही. मेक्सिकोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात आणि तुझी पाळी सुरू होते. ग्वादालाहाराची एखादी आजी बिलाची तक्रार सांगता सांगता नातवंडांवर येते. तुला तिचं प्रत्येक वाक्य कळतं, पण त्यातला रोख हातातून निसटतो. तो पकडायचाय म्हणून एम.ए. करायचंय, असं तू म्हणाली होतीस. याहून चांगलं कारण मला तरी सुचत नाही.

आता कुठे जायचं ते. स्पेनचं मला कौतुक आहे, सालामांकाचं विद्यापीठ 1218 सालचं, तिथे शिकायला कुणाला आवडणार नाही! तरी आधी इथलं दोन वर्षांचं एम.ए. करावंस असं मला वाटतं: जेएनयू, दिल्ली विद्यापीठ किंवा हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ. स्पेनमधलं मास्टर्स बहुतेक ठिकाणी 60 क्रेडिटचं, एका वर्षाचं असतं. एका क्रेडिटला 25 ते 30 तास धरतात, म्हणजे वर्षात दीड हजारांवर तास अभ्यास, आणि त्यातच शेवटचा प्रबंध लिहून परीक्षकांसमोर मांडायचा. बी.ए. अर्थशास्त्रात आणि स्पॅनिश वेगळ्या क्लासमधून शिकलेल्या मुलीला साहित्य आणि भाषाशास्त्राची बैठक बसायला तेवढा वेळ पुरणार नाही. शिवाय तुला पुढे शिकवायचंय. कॉलेजात शिकवण्यासाठीची नेट परीक्षा स्पॅनिशमध्येही देता येते, त्यासाठी खुल्या प्रवर्गाला एम.ए.ला 55 टक्के लागतात. इथल्या दोन वर्षांच्या पदवीवर कुणी शंका घेत नाही. बाहेरच्या एका वर्षाच्या पदवीचं मात्र जाण्याआधीच विचारून घ्यावं लागतं. तरीही स्पेनलाच जायचं ठरलं, तर एवढं बघ: पदवी 'मास्तेर ओफिसियाल', म्हणजे सरकारमान्यच हवी. 'तितुलो प्रोप्यो' म्हणजे विद्यापीठाची स्वतःची पदवी, तिच्यावरून पीएच.डी.चा रस्ता सरळ मिळत नाही.

जेएनयूचा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवरून होतो. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास असते. सगळ्यात आधी पात्रतेची ओळ वाच. तुझी बी.ए. स्पॅनिशमधली नसल्यामुळे डिप्लोमा आणि डेले (स्पेनची स्पॅनिश भाषेची परीक्षा) यांना कुठे किती मान आहे, ते प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बघावं लागेल. डेले बी-टूचं प्रमाणपत्र कायमचं चालतं. सिएले ही तशीच दुसरी परीक्षा, पण तिचं प्रमाणपत्र पाचच वर्षं चालतं, म्हणून डेलेच दे. त्यात वाचन आणि लेखन हा एक गट, ऐकणं आणि बोलणं हा दुसरा, आणि प्रत्येक गटात 50 पैकी 30 लागतात. बोलण्याऐकण्यात तू रोज मुरते आहेस. तुझं लेखन कच्चं आहे, कारण नोकरीत तुला दोन ओळींच्या वर लिहावंच लागत नाही. रोज रात्री पाळीआधी एक पान लिही, विषय कुठलाही घे.

कागदपत्रांत एकच गोष्ट मला खुपते आहे, ती म्हणजे नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं. पदवीच्या प्रमाणपत्रावर आईचं नावही आहे. पासपोर्टवर क्रम वेगळा आणि बाबांच्या नावाचं स्पेलिंगही वेगळं, शेवटी जादा 'ए' लागलेला. इथे कुणी बघत नाही. स्पॅनिश फॉर्ममध्ये मात्र पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव अशी दोन घरं असतात, कारण त्यांच्याकडे वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावतात. तुला दुसरं नाही, ते घर रिकामं ठेव. तिथे बाबांचं नाव भरलंस तर पुढे प्रत्येक कागदावर तेच आडनाव म्हणून छापून येईल. डेलेचा फॉर्म भरतानाही पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव लिही. स्पेलिंगच्या फरकाचं प्रतिज्ञापत्र बाबा इथे कोर्टाजवळ करून घेतील. स्पेनचं ठरलंच तर पदवीवर आधी राज्याचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणूनचा शिक्का), मग मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतर असा क्रम असतो. व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम 2023 पासून महिन्याला 600 युरो आहे. ती काळजी आमच्यावर सोड.

आता जे मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. प्रबंधाचा विषय आत्ताच शोधायला लाग. मी एक सुचवते, पटला तर घे. चिलीच्या कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल. 1945 चं नोबेल, लॅटिन अमेरिकेतलं साहित्यातलं पहिलं. त्यांचा जन्म 1889 चा, एल्की खोऱ्यातला, आणि तो भाग द्राक्षांचा आहे, आपल्या दिंडोरी-निफाडसारखा. लहान वयात खेड्यातल्या शाळेत शिकवायला लागल्या, पुढे 1922 मध्ये मेक्सिकोने त्यांना ग्रामीण शाळांच्या कामासाठी बोलावून घेतलं. आणि आपल्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी, जन्म 1880, असोद्याच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचत गेल्या, आणि कविता पुस्तकरूपाने आल्या त्या त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये. एक शाळेत शिकवणारी, दुसरी शाळेची पायरी न चढलेली. दोघी जवळजवळ एकाच काळातल्या, आणि दोघींच्या कवितेत माती आहे, मूल आहे, मरण आहे. दोघींना शेजारी ठेवून वाचायचं तर वाचणाऱ्याला दोन्ही भाषा आतून यायला हव्यात. मिस्त्राल वाचणारे दिल्लीत भेटतील. पण बहिणाबाईंची लेवा बोली कानात असलेली विद्यार्थिनी त्या वर्गात दुसरी असेल असं मला वाटत नाही. तुझ्या आजीचं माहेर जळगावचं, तू लहानपणी ती बोली ऐकत झोपलेली आहेस.

मी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून मराठीत एम.ए. केलं तेव्हा तू बालवाडीत होतीस. विषय मनाजोगता असला की स्वयंपाक उरकून रात्री पुस्तक उघडायचा कंटाळा येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. चिलीच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'मेमोरिया चिलेना' या संकेतस्थळावर मिस्त्राल यांच्याबद्दल भरपूर साहित्य फुकट वाचायला मिळतं. रोज थोडं वाच, अडेल तिथे खूण कर. बहिणाबाईंचं पुस्तक मी सार्वजनिक वाचनालयातून आणून ठेवलंय. संक्रांतीला आलीस की दोघी मिळून वाचू.

बाबा शनिवारी पंचवटी एक्स्प्रेसने निघून पुढे पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर मूळ मार्कशीट पाठवते आहे. झेरॉक्स काढून मूळ प्रती त्यांच्याकडेच परत दे, खोलीवर ठेवू नकोस. आणि प्रवेश हातात पडेपर्यंत कंपनीत काही बोलू नकोस. पण एकदा पडला की महिन्याची नोटीस देऊन नोकरी पूर्ण सोड. 'अभ्यास सांभाळून अर्धवेळ करते' असं तुझ्या मनात असेल तर मला ते पसंत नाही. दोन वर्षांचा दिल्लीचा खर्च आम्ही धरून ठेवलाय.

तुझी,
आई