फोन ठेवायचा कुठे ते आधी सांगा

संपादक साहेब, नमस्कार,

मतदानाचा टक्का वाढवायला मोबाईल वापरा असं जो तो म्हणतोय, पण इथे डोंबिवलीत २० मे २०२४ ला लोकसभेच्या वेळी मोबाईलपायीच माणूस मत न देता घरी जाताना मी बघितलाय. नाव शोधायचं व्होटर हेल्पलाईन ॲपवर नाहीतर १९५० ला मेसेज करून, स्लिपचा फोटो फोनात, आणि गेटवर पोहोचलो की १०० मीटरच्या आत फोन चालणार नाही. मग ठेवू कुठे? तुमचं तुम्ही बघा! आम्ही दोघं होतो म्हणून आधी ही जाऊन आली, मी उन्हात दोन्ही फोन सांभाळत उभा, मग माझा नंबर. माझ्यापुढे एक पोरगा होता, एकटाच, पानवाल्याकडे महागाचा फोन ठेवायचा त्याला काही धीर होईना, घरी ठेवून येतो म्हणून गेला तो गेलाच.

विधानसभेच्या आधी हायकोर्टात याचिकाही झाली, फोन नेऊ द्या, डिजिलॉकरमधलं ओळखपत्र चालवा म्हणून, ती फेटाळली. आत सेल्फी नको, मत गुप्त राहावं, हे मलाही पटतं हो. पण देवळात चपलांना टोकन मिळतं, मग फोनला का नाही? शेवटी मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने तेच मान्य केलं, फोन बंद करून दाराशी कप्प्यात किंवा तागाच्या पिशवीत ठेवायचा, आणि बिहार विधानसभेला ही सोय दिलीसुद्धा.

त्याच बिहारमध्ये जून २०२५ च्या नगरपालिका निवडणुकीत काही मतदारांनी चक्क ॲपवरून मत दिलं. आजारी, म्हातारे, बाहेरगावचे लोक यांच्यासाठी ठीक, पण सरसकट नको बाबा. बूथवर निदान आपण आणि मशीन दोघंच असतो, घरी उमेदवाराचा माणूस सोफ्यावर शेजारी बसून दाब म्हणाला तर काय करणार?

मला फोनवर हवंय ते एवढंच की आमच्या बूथवर आत्ता रांग किती आहे. लोकल कुठवर आलीय ते एम-इंडिकेटरवर प्रवासीच एकमेकांना सांगतात, तसं बूथवरच्या कोणी तासातासाला आकडा टाकला तरी पुरे, दुपारी रांग कमी असेल तर लोक दुपारी जातील.

मी काय, पुढच्या वेळीही जाईन. हिने मात्र त्या दिवशीच सांगितलंय, आता आधी फोनची सोय विचारून ये, मग मला हाक मार.

- एक मतदार, डोंबिवली पूर्व